उच्च रक्तदाब : गोळी आणि बलवर्धक व्यायाम

रक्तदाबाची गोळी सुरू झाली की जोर, बैठका व वजन उचलणे कायमचे बंद करावे, अशी समजूत रूढ आहे. याउलट, व्यायाम सुरू केल्यावर गोळीची गरज उरत नाही, असे मानणारेही आढळतात. दोन्ही समजुती चुकीच्या असून दुसरी अधिक घातक होय. कारण गोळी परस्पर बंद केल्याने पक्षाघाताचा धोका वाढतो.

जड वजन उचलताना ताठरलेले स्नायू रक्तवाहिन्या दाबून धरतात. त्यातच श्वास कोंडल्यास रक्तदाब फारच चढतो. कॅनडातील संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोन्ही पायांनी जड वजन रेटणाऱ्या कसलेल्या शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब त्या क्षणी सरासरी ३२०/२५० इतका आढळला. हलके वजन व मोकळा श्वास ठेवल्यास ही वाढ पुष्कळच कमी असते. शिवाय असा व्यायाम काही महिने नियमित केल्यास विश्रांतीच्या वेळचा रक्तदाबही थोडा उतरतो.

मात्र औषधाचा गुणधर्म जाणून घेणे अगत्याचे आहे. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांमुळे नाडी मंद राहते. म्हणून श्रमाचा अंदाज नाडीवरून न बांधता, बोलताना धाप लागते की नाही यावरून बांधावा. अम्लोडिपिनने रक्तवाहिन्या सैलावतात. व्यायाम एकाएकी थांबविल्यास भोवळ येऊ शकते, यास्तव शेवटी पाच-दहा मिनिटे सावकाश चालावे. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी शरीरातील पाणी व क्षार कमी होतात; त्यामुळे भर उन्हातील व्यायाम टाळावा. अंग दुखल्यास आयब्युप्रोफेन वा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नये. त्यांनी रक्तदाब वाढतो.

प्रारंभी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. आठवड्यातून दोन-तीन दिवस, भिंतीला हात टेकून जोर व खुर्चीवरून उठबस, प्रत्येकी दहा ते पंधरा वेळा, इतके पुरेसे आहे. जोर लावताना श्वास सोडावा, परत येताना घ्यावा. रक्तदाब १८०/११० वा अधिक असल्यास त्या दिवशी व्यायाम करू नये व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखणे, दम कोंडणे वा डोळ्यांपुढे अंधारी येणे, ही लक्षणे दिसताच व्यायाम थांबवून विनाविलंब रुग्णालय गाठावे.

व्यायामाने रक्तदाब उतरल्यास गोळीची मात्रा कमी करणे शक्य असते. परंतु तो निर्णय डॉक्टरांचा आहे, रुग्णाचा वा शेजाऱ्याचा नव्हे.