पंचाची नजर आधी पायांवर

बाबू, रविवारी कोट घालून पहिल्यांदा पंच म्हणून उभा राहणार आहेस. तुला बोट कधी वर करायचं ते शिकवणारे पुष्कळ भेटतील. मी सांगतो ते बोट वर करण्याआधीचं. आपल्या पेडण्यात काय आणि तिकडे डिचोलीत काय, मैदानावरचं भांडण निर्णयामुळे क्वचितच पेटतं. पहिल्या चेंडूआधी जे बोलायचं राहून गेलं, ते दहाव्या षटकात पेटतं.

म्हणून तासभर आधी जा आणि खिशात मोजपट्टी ठेव. सरदाचं भात कापून झालेल्या शेतात मॅट अंथरली, की पोरं बॅट आडवी टाकून क्रीज आखतात. बॅट नियमाने जास्तीत जास्त 38 इंच लांब. क्रीज मात्र स्टंपांच्या रेषेपासून 4 फुटांवर, म्हणजे 48 इंचांवर हवी. त्या दहा इंचांत यष्टिचीतही होतात आणि मारामाऱ्याही. चुना मागून घे, रेघ स्वतः ओढ. कुणी हसलं तर हसू दे.

नाणेफेकीला दोन्ही कर्णधारांना समोरासमोर उभं करून ठरवून टाक: वाईडची खूण कुठे, एलबीडब्ल्यू धरायचं की नाही, माडाला लागलेला चेंडू चार की जिवंत. टेनिस चेंडूच्या बहुतेक स्पर्धांत एलबीडब्ल्यू नसतंच, त्यामुळे फलंदाज बिनधास्त तिन्ही स्टंप झाकून उभा राहतो. ते त्याच्या हक्काचं आहे, त्यावरून त्याला बोलू नकोस. शेवटचं सांग, की माझ्याशी फक्त कर्णधार बोलेल.

आता फलंदाजाचे पाय. बेसबॉलमध्ये फलंदाजाला चुन्याने आखलेली 4 फूट बाय 6 फुटांची चौकट असते. एक पाय पूर्ण चौकटीबाहेर टेकवून चेंडू मारला तर तो बाद. आपल्याकडे तशी चौकट नाही. तो क्रीजच्या बाहेर उभा राहील, लेगला सरकेल, गोलंदाज धावत असताना ऑफला जाईल. सगळं चालतं. पण तो कुठून कुठे गेला हे तुला ठाऊक हवं, कारण पुढचे दोन निर्णय त्यावरच आहेत. वाईड ठरवताना, गोलंदाजाने धाव सुरू केल्यापासून फलंदाज जिथे जिथे उभा होता ती जागा धरायची. 2022 पासून नियमात हे स्पष्ट केलं आहे. लेगला पळून मग दोन्ही हात पसरून वाईड मागणाऱ्याकडे बघूही नकोस.

दुसरा निर्णय कमरेवरच्या फुलटॉसचा. फलंदाज दोन पावलं पुढे येतो, चेंडू बेंबीला लागतो आणि सगळा मांडव ‘नो-बॉल’ म्हणून ओरडतो. नियम सांगतो, तो क्रीजवर ताठ उभा असता तर चेंडू कमरेच्या वर गेला असता का, एवढंच बघ. पुढे येऊन अडवलेला चेंडू क्रीजपर्यंत पुष्कळदा मांडीवर उतरलेला असतो. हा निर्णय स्क्वेअर लेगच्या पंचाला जास्त चांगला दिसतो, त्याच्याशी खूण आधीच ठरवून ठेव.

मातीच्या खेळपट्टीवर आणखी एक बघायचं. पॉपिंग क्रीजच्या पुढे 5 फुटांपासून मधोमध दोन फूट रुंदीचा पट्टा राखीव असतो. गोलंदाजाला तिथून धावता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. फलंदाजालाही तिथे, किंवा वारंवार तिथे पाय पडेल इतकं जवळ, उभं राहता येत नाही हे फार कमी जणांना ठाऊक आहे. पहिल्या वेळी ताकीद, तीच शेवटची. पुन्हा झालं तर समोरच्या संघाला 5 दंडाच्या धावा.

नॉन-स्ट्रायकरचेही पाय बघायचे. विनू मंकडने 1947 मध्ये सिडनीला बिल ब्राऊनला धावबाद केलं, तेव्हापासून लोक मंकडचं नाव उगाच बदनाम करत आले. क्रीज सोडून आधी निघालेला ब्राऊन होता. आता तो प्रकार साध्या धावबादच्या नियमात आला आहे. कुणी अपील केलं तर तोंड वाकडं न करता निर्णय दे.

वागणुकीकडे येतो. फुटबॉलच्या पंचाच्या खिशात लाल-पिवळं कार्ड असतं आणि गोव्याचं पोर ते लहानपणापासून बघतं. क्रिकेटच्या पंचाकडे कार्ड नाही, त्यामुळे त्याच्या हातात काही नाही असा समज आहे. 1981 साली मेलबर्नला गावसकर पायचीत दिल्यावर चिडून चेतन चौहानला घेऊन मैदानाबाहेर निघाले होते. मॅनेजर दुराणींनी चौहानला सीमारेषेवरून परत पाठवलं, म्हणून सामना वाचला आणि तो आपण 59 धावांनी जिंकलोही. गावसकरांबद्दल मला किती आदर आहे तुला ठाऊक आहे, पण ते चुकलं. तेव्हा नियमांत वागणुकीचं वेगळं कलम नव्हतं. 2017 पासून 42वा नियम आहे, चार पायऱ्यांचा. निर्णयावर नाराजी दाखवणं, सतत अपील करत राहणं किंवा पंचावर धावून अपील करणं ही पहिली पायरी: आधी ताकीद, मग 5 धावा. तीव्र नाराजी दाखवली, दुसऱ्या खेळाडूला मुद्दाम धक्का दिला तर सरळ 5 धावा. पंचाला दमदाटी केली तर काही षटकं बाहेर. पंचाला मारायची धमकी दिली, कुणावरही हात उचलला तर उरलेला सामना बाहेर. या वरच्या दोन पायऱ्यांनाही 5 धावा आहेतच. स्थानिक स्पर्धेत हा नियम लागू आहे का, ते संयोजकांना आधीच विचारून घे.

मात्र पहिल्या पायरीच्याही आधी एक गोष्ट असते. षटक संपलं की कर्णधाराजवळून चालत जाताना हळू आवाजात सांगायचं, ‘तुझा कीपर जास्त बोलतोय.’ चारचौघांत झापलेला पोरगा गावासमोर माघार घेत नाही. आपल्याकडे समोरचा फलंदाज कुणाचा तरी मेहुणा, गोलंदाज तुझ्याच वाड्यावरचा. मैदानात कुणी मामा, काका म्हणून हाक मारली तर ओ देऊ नकोस, शर्टावरच्या नंबराने बोल. आणि माइकवरच्या समालोचकाला खेळाआधी भेटून बजाव, की पंचाच्या निर्णयावर शेरा नको. आधी तोच पेटवतो.

कर्णधाराला अपील मागे घ्यायचं असेल तर तुझ्या संमतीने आणि फलंदाज मैदानाबाहेर जाण्याआधी घेता येतं. 1980 च्या मुंबई कसोटीत विश्वनाथने बॉब टेलरला असंच परत बोलावलं; तो आणि बोथम खेळत राहिले आणि आपण हरलो. असा कर्णधार भेटला तर आनंदाने हो म्हण.

दोन्ही संघांपैकी कुणाकडेही जेवू नकोस, डबा घरून ने. सामना संपला की दोन्ही कर्णधारांच्या सह्या स्कोअरबुकात घे, मगच कोट काढ. बक्षीस समारंभाला थांबायची गरज नाही.