भागोजीशेठ कीर यांचे चरित्र वर्गात कसे सांगावे

पावसच्या मुलांना स्वामी स्वरूपानंदांची ओळख करून द्यावी लागत नाही. समाधिमंदिर त्यांच्या नित्याच्या वाटेवर आहे. परंतु जवळच्या रत्नागिरीतील दानशूर भागोजी बाळूजी कीर यांची माहिती त्यांना क्वचितच असते.

भागोजीशेठ गरीब भंडारी कुटुंबात जन्मले व मुंबईस बांधकामाच्या धंद्यात त्यांनी संपत्ती मिळविली. मुलांना हा भाग आवडतो, म्हणून पुष्कळदा पाठ येथेच रेंगाळतो. वस्तुतः चरित्राचे मर्म पुढे आहे.

1924 पासून रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी तेथे अस्पृश्यतानिवारणाचे कार्य चालविले होते. त्यांच्या प्रेरणेने भागोजीशेठांनी सर्व हिंदूंना मुक्तद्वार असे लक्ष्मीनारायणाचे पतितपावन मंदिर स्वखर्चाने उभारले. 22 फेब्रुवारी 1931 रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या उपस्थितीत ते खुले झाले. याच सुमारास नाशिकच्या काळाराम मंदिराची दारे डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रहींना बंद होती. तो सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला होता. ही दोन्ही मंदिरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. जुने दार उघडत नाही म्हणून नवे मंदिर बांधणे पुरेसे होते काय, असे एखादा चुणचुणीत मुलगा विचारील. त्यास गप्प करू नये. प्रश्न रास्त आहे.

मुंबईत शिवाजी पार्कनजीकची स्मशानभूमी भागोजीशेठांच्याच नावाने ओळखली जाते, एवढा उल्लेख पुरे.

देणगी किती रुपयांची, हे मुले हटकून विचारतात. मंदिरे बांधणारे धनिक पुष्कळ झाले. या मंदिरात कोणास प्रथमच गाभाऱ्यापर्यंत जाता आले, इकडे त्यांचे लक्ष वळवावे. शाळेतही त्या काळी अस्पृश्य मानलेल्या मुलांना वेगळे बसवीत, आणि मुलांना सरमिसळ बसवावे म्हणून रत्नागिरीत सावरकरांना खटपट करावी लागली, हे अवश्य सांगावे. मात्र येथे शिक्षकाने फार जपावे. ‘आपल्यापैकी कोण बाहेर बसले असते?’ असा प्रश्न चुकूनही विचारू नये. सांगताना कोणा मुलाकडे नजरही वळू नये. ज्याच्याकडे ती वळेल, तो त्या क्षणी पुन्हा ओसरीवर जाऊन बसतो.

मंदिर दाखविण्यास सहल नेल्यास डबे एकत्र उघडून वाटून खावेत. पंगतीत शिक्षकांनीही मुलांमध्येच बसावे.