विद्यार्थी-साहाय्यकाचे प्रत्यक्ष शिक्षण

हजेरीपटावर ‘गैरहजर’ अशी खूण करावयास क्षणभरही लागत नाही. परंतु मूल का आले नाही, हे त्या पटावर कोठेच लिहिलेले नसते. ते शोधून काढणे, मुलाची अडचण दूर करण्यास योग्य माणसांची गाठ घालून देणे, आणि मूल पुन्हा वर्गात रुळेपर्यंत त्याची विचारपूस करीत राहणे, हे एक स्वतंत्र काम आहे. ते करणाऱ्यास हल्ली ‘केस मॅनेजर’ म्हणतात. आपण विद्यार्थी-साहाय्यक म्हणू. वैद्य होण्यास रुग्णालयात राबावे लागते व शिक्षक होण्यास वर्गावर पाठ घ्यावे लागतात, हे सर्वांस ठाऊक आहे. या कामास मात्र दयाळू मन असले म्हणजे पुरे, असा समज आढळतो. तो कितपत खरा आहे, हे पाहू.

आमच्या चिखलीस जुने लोक टाळगाव चिखली म्हणतात. इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. एका अंगास भोसरी, दुसऱ्या अंगास तळवडे, नदीपलीकडे चाकणचे कारखाने. यामुळे मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर हिंदुस्थानातून पोटासाठी आलेली कुटुंबे येथे राहतात. कुदळवाडीत भंगाराची गोदामे व लहान कारखाने होते. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तेथील अनधिकृत ठरविलेली हजारो बांधकामे पाडली. त्या कारवाईच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न येथे नाही. गोदाम गेले की मजुराचे काम जाते, काम गेले की बिऱ्हाड हलते, आणि बिऱ्हाड हलले की मुलाची शाळा सुटते, एवढे ध्यानात घ्यावे.

समजा, आठवीतील एक मुलगी तीन आठवडे शाळेत आली नाही. कोणी म्हणेल, ‘घरच्यांस शिक्षणाची किंमत नाही’. कोणी म्हणेल, ‘लग्न ठरले असेल’. असे बोलणारे दुष्ट नसतात. त्यांनी विचारण्याआधीच उत्तर ठरविलेले असते, इतकेच. आता एक शिकाऊ साहाय्यिका शोध घेत जाते. जुन्या जागी शेड नाही. शेजारच्या दुकानदाराकडून कळते की कुटुंब तळवड्याच्या बाजूस गेले. तेथे खोली सापडते. आई पहाटे एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामास जाते व दुपारी उशिरा परतते. चार वर्षांच्या भावास मुलगी सांभाळते. जुनी शाळा लांब पडली, आणि दाखल्यावाचून नवी शाळा घेणार नाही, अशी आईची समजूत आहे. मुलीस विचारता ती हळूच सांगते की तिला शिकावयाचे आहे. म्हणजे कारण एक नव्हते, तीन होते. आणि लोकांनी तर्क केलेल्यांपैकी एकही नव्हते.

साहाय्यिका परत येऊन लिहिते : ‘भावास अंगणवाडीत घालावे, मुलीस जवळच्या शाळेत दुपारच्या सत्रात बसवावे.’ तोडगा उत्तम दिसतो. परंतु तिची अनुभवी पर्यवेक्षिका विचारते, ‘अंगणवाडी सुटली आणि आई अजून कामावर आहे, मधले दोन तास मूल कोणापाशी?’ या एका प्रश्नाने शिकाऊ बाईस पुन्हा तळवड्यास जावे लागते. शेजारची आजी ते दोन तास मूल सांभाळावयास कबूल होते, तेव्हा कोठे तो तोडगा खरा ठरतो. असे प्रश्न पुस्तकात छापलेले नसतात; ते काम करता करता, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शिकावे लागतात. प्रत्यक्ष शिक्षण म्हणतात ते हेच.

या शिक्षणाचा इतिहास आपल्या प्रांताशी जोडलेला आहे. अमेरिकेत मेरी रिचमंड या बाईंनी १९१७ साली ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ लिहून, मदत करण्यापूर्वी माहिती कशी गोळा करावी व कशी पारखावी, हे शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने १९२६ साली नागपाडा नेबरहुड हाऊस स्थापिले. तेथील डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ड यांस दिसून आले की गरीब वस्तीत काम करण्यास शिकविलेली माणसे हवीत. १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले, व मॅन्शार्ड त्याचे पहिले संचालक झाले. १९४४ पासून ती संस्था टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नावाने ओळखली जाते. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ साली सुरू झाली. अशा संस्थांतून विद्यार्थी काही दिवस वर्गात बसतात व ठरावीक दिवस वस्तीत, शाळेत वा रुग्णालयात प्रत्यक्ष काम करितात. त्यास क्षेत्रकार्य म्हणतात, आणि त्यावाचून पदवी मिळत नाही.

क्षेत्रकार्यात काय शिकवितात, ते थोडक्यात सांगतो.

पहिले, ऐकणे. शिकाऊ विद्यार्थ्यांपैकी एक जण आई होतो, दुसरा साहाय्यक, बाकीचे पाहतात. साहाय्यकाने किती वेळा मध्येच तोंड घातले, हे मग सर्व मिळून सांगतात.

दुसरे, लिहिणे. ‘बाप दारुड्या आहे’ असे लिहावयाचे नाही. ‘सायंकाळी भेटलो तेव्हा तोंडास दारूचा वास येत होता’ असे लिहावयाचे. पाहिलेले निराळे, ऐकलेले निराळे, आणि आपला तर्क निराळा.

तिसरे, वाटा ठाऊक असणे. अंगणवाडी, दवाखाना, वसतिगृह व शिष्यवृत्तीची कचेरी पायी हिंडून पाहावयाची, आणि कायदाही जाणावयाचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलास आठवीपर्यंत सरकारी वा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे, आणि जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश अडविता येत नाही. वरील मुलीच्या आईस हे एक वाक्य ठाऊक असते, तर तीन आठवडे वाया गेले नसते.

चौथे, गुप्तता व तिची मर्यादा. मुलाने सांगितलेले चारचौघांत बोलावयाचे नाही. परंतु मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२ च्या कायद्याप्रमाणे ते पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. म्हणून ‘कोणास सांगणार नाही’ असे वचन मुलास कधीच द्यावयाचे नाही. ‘तुझ्या रक्षणासाठी ज्यास सांगणे भाग आहे, त्यासच सांगेन’ असे म्हणावयाचे.

पाचवे, हात केव्हा काढून घ्यावा, हे समजणे. जी आई आज साहाय्यिकेबरोबर कचेरीत गेली, तिने पुढील वेळी एकटीने जावे, असे तिला शिकवावयाचे असते. जन्मभर आपल्यावाचून कोणाचे अडावे, ही इच्छा दयाळू माणसासही मोहात पाडते.

पालकहो, अशी व्यक्ती आपल्या दारी आली तर तिला चौकशीचा शिपाई समजू नका. मात्र ती कोणत्या संस्थेची आहे, ती काय लिहून घेते व ते कोणास दाखविते, हे अवश्य विचारा. शिकलेली साहाय्यिका या प्रश्नांवर रागावत नाही. आणि घर बदलण्याची वेळ आलीच, तर वर्गशिक्षकास नवा पत्ता व फोन क्रमांक कळवून जा.

विद्यार्थ्यांनो, शेजारच्या बाकावरचा सोबती आठवडाभर दिसला नाही, तर तर्क न करिता त्याच्या घरी जा, आणि जे पाहाल ते गुरुजींस सांगा. मूल संकटात दिसल्यास १०९८ या क्रमांकावर केव्हाही, पैसे न पडता, दूरध्वनी करिता येतो. तुमच्यापैकी कोणास पुढे हेच काम पत्करावेसे वाटले, तर त्याने दयाळू मन बरोबर घेऊन जावे; परंतु दोन वर्षे हिंडण्याची, लिहिण्याची आणि ‘मधले दोन तास मूल कोणापाशी?’ यासारखे प्रश्न ऐकून घेण्याची तयारीही ठेवावी.