वॉरंटीत बदलून मिळणारा फोन : नवा की दुरुस्त केलेला?



समजा, मालवणातल्या एका पालकांनी चवथीला मुलीच्या अभ्यासासाठी नवा फोन घेतला. दिवाळीआधीच तो बंद पडला. कंपनीने बदलून दिला, पण 'रिफर्बिश्ड', म्हणजे कुणीतरी परत केलेला, बिघाड काढून, तपासून पुन्हा दिलेला. पैसे नव्याचे, फोन वापरलेला. हे योग्य का?

हा प्रश्न वर्गात मुलांनाच विचारा. घरातलं वॉरंटी कार्ड आणायला सांगा. 'नवा किंवा नव्यासारखा चालणारा फोन देऊ' असं बारीक अक्षरांत कुठे लिहिलंय का? बदललेल्या फोनला वॉरंटी किती? अनेकदा जुन्या वॉरंटीचे उरलेले महिनेच मिळतात.

मग कायदा सांगा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३९ नुसार, दोष सिद्ध झाला तर आयोग तशीच नवी, निर्दोष वस्तू द्यायचा आदेश देऊ शकतो. तक्रार आपल्याच जिल्हा आयोगात, दोन वर्षांच्या आत करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा.

माझं मत असं : वॉरंटी संपत आल्यावर बिघडलेल्या फोनच्या बदल्यात चांगला दुरुस्त केलेला चालेल, ई-कचराही कमी होतो. पण दोन महिन्यांत बंद पडला तर नवाच हवा. आणि काहीही दिलं, तरी ते आधी स्पष्ट सांगायला हवं.

सही करण्याआधी "हा नवा आहे का?" एवढं विचारायला मुलं शिकली, तरी धडा झाला. बिल मात्र जपून ठेवा!