कडा खाली लाल, वर पांढरा

प्रश्न : मे महिन्यात मुलगी, जावई आणि नातवंडांबरोबर लास वेगासहून गाडीने युटामधले झायन राष्ट्रीय उद्यान आणि पुढे मोआबपर्यंत फिरून आलो. झायनचे कडे खाली विटकरी आणि वर चक्क पांढरे. नातू म्हणाला, वरचा रंग धुऊन गेला. मी म्हटले, वरचा दगडच वेगळा असणार. पैज लागली आहे. शिवाय तो लाल दगड आणि आमच्याकडचा जांभा एकच का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पैज नातवाने जिंकली. पूर्ण नव्हे, बारा आणे.

खालचा लाल आणि वरचा पांढरा दगड एकच, नवाहो वालुकाश्म. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरच्या काळात, तिथे वाळूचे अफाट वाळवंट होते. वाऱ्याने टेकडीवर टेकडी रचली, ती गाडली गेली, दाबली गेली आणि झायनमध्ये तिचा सुमारे २००० फूट जाडीचा दगड झाला. बोगद्यातून पूर्वेकडे गेला असाल तर चेकरबोर्ड मेसा दिसला असेल. त्यावरच्या तिरप्या रेघा म्हणजे त्या वाळूच्या टेकड्यांचे उतार. वारा तेव्हा कुठून वाहत होता, हे अभ्यासक त्यांवरूनच सांगतात. (उभ्या भेगा मात्र फार नंतरच्या, ऊनथंडीने पडलेल्या.)

आता रंग. लाल भागातला एक कण भिंगाखाली धरला तर आत गारगोटीचा स्वच्छ दाणा असतो आणि त्यावर लाल पापुद्रा. हा पापुद्रा हेमॅटाइटचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा. तुळशीवृंदावनाला लावतो त्या गेरूचा लाल रंगही त्याचाच. लोह अगदी थोडे, पण डोंगर रंगवायला पुरते.

तो पापुद्रा वरच्या भागात धुतला गेला हे खरे, पण पावसाने नाही. दगड जमिनीत खोल गाडलेला असतानाच तेल-वायूच्या संगतीतले, ऑक्सिजन नसलेले पाणी त्यातून झिरपले, असे भूवैज्ञानिक मानतात. गंजलेले लोह एरवी पाण्याला दाद देत नाही. अशा पाण्यात मात्र त्याचे रूप पालटते आणि ते विरघळून निघून जाते. उरते ती पांढरी वाळू. लाल-पांढऱ्याची सीमा काही ठिकाणी थरांना छेदत वेडीवाकडी जाते. दगड वेगळा असता तर ती थरांना धरून गेली असती. तुमचा मुद्दा इथे पडतो.

निघालेले लोह जिथे ऑक्सिजनवाल्या पाण्याला भेटले तिथे पुन्हा साकळले आणि त्याच्या काळपट, टणक गोट्या झाल्या. दक्षिण युटामध्ये त्या उतारांवर ढिगाने विखुरलेल्या दिसतात. २००४ मध्ये ऑपर्च्युनिटी यानाला मंगळावर हेमॅटाइटच्या बारीक गोळ्या सापडल्या, तेव्हा शास्त्रज्ञांना या गोट्यांचीच आठवण झाली. नातवाच्या खिशात एखादी आली असेल, तर त्याला सांगून ठेवा : राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलणे तिथे बेकायदा आहे.

राहिला जांभा. रंग देणारे लोहच, पण कुळकथा अगदी उलटी. युटामध्ये वाळूवर लोहाचा नुसता लेप आहे. कोकणात कोसळत्या पावसाने आणि उष्म्याने मूळच्या काळ्या खडकातले सिलिका, चुना, सोडियम वाहून नेले आणि न विरघळणारे लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. त्यामुळे जांभ्यात लोह अंगभर मुरलेले असते. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, म्हणून तो कापता येतो. हवेवर वाळला की कडक होतो.

पुढच्या खेपेला भिंग बरोबर घ्या आणि निघण्याआधी घरच्या गडग्याचा एक चिराही त्याच भिंगातून नातवाला दाखवा.