शीड गुंडाळताना हात सांभाळा!

मित्रांनो, हिवरा आश्रमच्या मासिकात शिडाच्या नौकेवर लेख बघून हसू नका. आपल्याला पाणी माहीत ते कोराडी धरणाचे, समुद्र कुठला! मलाही असेच वाटायचे. पण दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला मामाकडे गेलो. मामेभाऊ गेटवेसमोर भाड्याने फिरवायच्या शिडाच्या नौकेवर कामाला आहे. त्याने एक दिवस सोबत नेले, आणि फ्लुइड मेकॅनिक्सचा धडा थेट तळहातावर मिळाला.

डोलकाठीच्या पुढचे तिकोनी शीड आता बऱ्याच नौकांवर खाली उतरवत नाहीत. ते एका तिरप्या तारेवरच्या फिरत्या पट्टीभोवती गुंडाळतात. दुकानाचे शटर समजा, फक्त उभे. बुडाशी ड्रम असतो. शिडाच्या मागच्या कोपऱ्याला बांधलेल्या दोराला 'शीट' म्हणतात (बेडशीट नव्हे!). शीट ओढली की शीड उलगडते आणि ड्रमवर दुसरा दोर गुंडाळला जातो. तो ओढला की शीड परत गुंडाळते. या यंत्रणेला फर्लर म्हणतात. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०२४-२५ मध्ये 'तारिणी'वर नौदलाच्या दोघीच अधिकारी होत्या. माणसे कमी असली की, उसळत्या पुढच्या टोकावर न जाता मागे बसून शीड आवरता येणे किती मोलाचे, ते लक्षात येते.

दुपारी वारा वाढला. दादाने मला ड्रमचा दोर हळूहळू सोडायला सांगितले. मी शहाणपणा केला. दोर विंचवरून काढून नुसता मुठीत धरला. फाड्कन शीड उघडले, दोर मुठीतून सुसाट पळाला आणि तळहाताची साल निघाली. त्यात ड्रमवर दोराचे वेढे एकमेकांवर चढून अडकले. आता शीड गुंडाळेना, आणि नौकेवर चार पाहुणे! मी विंचचे हँडल घेतले तसा दादा ओरडला, "अरे थांब, जोर लावू नको! आधी काय अडकलंय ते बघ!" त्याने नौका वाऱ्याच्या दिशेने वळवली. पुढचे शीड मोठ्या शिडाच्या आडोशाला आले, ढिले पडले. मग त्याने पुढे जाऊन वेढे मोकळे केले.

हॉस्टेलवर येऊन गणित मांडले. अर्धा × हवेची घनता × वेगाचा वर्ग × क्षेत्रफळ. शीड ३० चौ. मीटर, वारा सेकंदाला ५ मीटर, तर ढोबळ ४५० न्यूटन, म्हणजे ४५ किलोचा भार. वारा दुप्पट झाला की १८०० न्यूटन! सगळा भार त्या दोरावर येत नाही, पण माझी मूठ कुठे पुरणार?

दादाने शिकवलेले नियम असे :

१) उलगडताना दोराचे एक-दोन वेढे विंचवर ठेवून हळूहळू सोडा.
२) दोर हाताला कधीही गुंडाळू नका. बोटे विंचपासून लांब ठेवा.
३) गुंडाळताना शीट थोडी ताणून ठेवा. सैल सोडली तर शीड फडफडते, गुंडाळी ढिली होते आणि शीटचा फटका बसतो.
४) जड लागले तर थांबा. दोष ड्रमवर किंवा वरच्या टोकाला असतो.
५) शेवटी शीटचे दोन-तीन वेढे शिडाभोवती येऊ द्या आणि ड्रमचा दोर पक्का बांधा. नाहीतर रात्रीच्या वादळात शीड आपोआप उघडते.
६) "आता शीड कमी करावे का?" असे मनात आले, की तीच वेळ समजा.

आपल्या वर्कशॉपमध्येही मशीन अडले की आपण आधी जोर लावतो. तळहाताकडे बघून मी ती सवय सोडली आहे. तुम्ही साल न काढता सोडा!