आकडा वाढला, काच तीच

तुळशीचं लग्न लागलं की भीमेच्या दोन्ही काठांवर, इकडे शिरूर आणि तिकडे दौंड, लग्नसराईची गडबड सुरू होते. त्याआधीच फोटोग्राफरांच्या गप्पांत एक विषय फिरू लागतो : लेन्सची नवी आवृत्ती घ्यायची का? वडगाव रासाईसारख्या गावात धंदा करणाऱ्याने या प्रश्नावर घाई करू नये. लेन्स हप्त्यावर घेतली तर हप्ता बाराही महिने येतो, मुहूर्त मात्र मोजकेच असतात. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नवी आवृत्ती चांगली आहे का, हा प्रश्नच चुकीचा आहे. माझ्या फोटोंतली नेमकी कोणती खोट ती काढणार आहे, हे विचारावं. खोट सांगता येत नसेल तर जुनी लेन्स पिशवीत राहू द्यावी.

कॅननच्या ७०-२०० एफ २.८ या लेन्सचंच बघा. लग्नाच्या फोटोग्राफरची ही हक्काची लेन्स. तिची दुसरी आवृत्ती २०१० साली आली, तिसरी २०१८ साली. आकडा दोनाचा तीन झाला, पण आतली रचना तीच राहिली : १९ गटांत बसवलेल्या २३ काचा. वजन १,४९० ग्रॅमवरून १,४८० वर आलं, म्हणजे दहा ग्रॅमचा फरक. नवं काय, तर काचेवरचे लेप. एका लेपामुळे समोरून येणाऱ्या प्रकाशाचे डाग आणि धूसरपणा कमी होतो. दुसऱ्यामुळे पुढच्या काचेवर लागलेलं पाणी किंवा हळदीच्या हाताचा तेलकट ठसा सहज पुसला जातो. हे फायदे खरे आहेत. स्टेजमागची एलईडी भिंत थेट लेन्समध्ये शिरत असेल आणि अंतरपाट दूर होतानाचे फोटो दरवेळी पांढुरके येत असतील, तर पहिला लेप उपयोगाचा आहे. पण त्याआधी लेन्सला हूड लावून दोन पावलं बाजूला सरकून बघावं. त्याला खर्च नाही.

याचा अर्थ नवी आवृत्ती म्हणजे निव्वळ रंगरंगोटी, असा नाही. कॅननचीच १००-४०० घ्या. १९९८ ची लेन्स झूमसाठी पुढे-मागे ओढावी लागे आणि १.८ मीटरच्या आत फोकस होत नसे. २०१४ च्या लेन्सला फिरवायची रिंग आली आणि फोकस एका मीटरच्या आत आला. सोनीची ७०-२०० जीएम २०१६ साली १,४८० ग्रॅमची होती. २०२१ ची १,०४५ ग्रॅमची आहे. हळदीपासून वरातीपर्यंत कॅमेरा उचलणाऱ्या खांद्याला हा फरक कुणी समजावून द्यावा लागत नाही. उलट निकॉनच्या ७०-२०० ने २००९ च्या आवृत्तीत फ्रेमचे कोपरे सुधारले, पण जवळच्या अंतरावर तिची २०० मिलिमीटरची पोच बरीच आखडली. मंगळसूत्र जवळून टिपायला जावं तर ते फ्रेममध्ये लहान दिसू लागलं. २०१६ साली ती उणीव भरून निघाली, पण झूम आणि फोकसच्या रिंगांनी जागा बदलल्या आणि हाताची सवय मोडली. प्रत्येक आवृत्ती काही देते, कधी काही काढूनही घेते. आकड्यावरून यातलं काहीच कळत नाही.

मग खोट शोधायची कशी? मागच्या सिझनचे टाकून दिलेले फोटो काढून बसावं आणि प्रत्येक का टाकला ते लिहावं. हात हलला, नवरी हलली, फोकस मागच्या करवलीवर गेला, की उजेडच कमी पडला? स्थिरीकरण हाताची थरथर थांबवतं, नाचणाऱ्या वऱ्हाडाला थांबवत नाही. तिथे शटरचा वेग वाढवावा लागतो किंवा दुसरा फ्लॅश लागतो. पावसाळ्यानंतर जुन्या लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून बघावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. अशा लेन्सला आधी साफसफाई हवी, नवी आवृत्ती नंतर.

यावर कुणी म्हणेल, जास्त मेगापिक्सेलच्या बॉडीवर जुन्या लेन्सचे दोष उघडे पडतात. पडतात, पण संगणकावर फोटो मोठा करून पाहताना. गिऱ्हाईक बघतं अल्बम. बारा बाय अठरा इंचाच्या पानाला तीनशे डीपीआयने ५,४०० गुणिले ३,६०० पिक्सेल पुरतात, म्हणजे साधारण साडेएकोणीस मेगापिक्सेल. दुसरा आक्षेप मिररलेसचा. पण कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स त्यांच्याच अडॅप्टरने नव्या बॉडीवर चालतात. अडॅप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे चित्राची प्रत उतरत नाही. तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे : जुन्या लेन्सचे सुटे भाग कधीतरी मिळेनासे होतात. ज्याचं घर एकाच लेन्सवर चालतं त्याने ती भर लग्नात बंद पडायची वाट बघू नये. पण तेव्हाही आतली काच तीच असेल, तर आधीच्या आवृत्तीची नीट तपासलेली जुनी लेन्स चालते.

एवढं करूनही मन मानत नसेल, तर पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. एका ऑर्डरला नवी लेन्स न्यावी, आणि टाकाऊ फोटोंची तीच यादी पुन्हा करावी. यादी आखूड झाली तर लेन्स घ्यावी. जशीच्या तशी राहिली तर भाड्याच्या पैशांत हप्त्यांचं ओझं टळलं.